एकच हात

बरेच दिवस हे लिहायचं म्हणत होते पण धीर होत नव्हता. लेकीला विचारूनच लिहितेय, ती म्हणली लिही पण माझं नाव टाकू नको, म्हणून नाव नाही टाकत.

नोव्हेंबरमधला रविवार होता. बाथरूममध्ये टॉवेलला रक्ताचा डाग दिसला आणि मला आधी वाटलं पाळी आली की काय हिला, अकरा वर्षांची आहे, सहावीत आहे, म्हणजे येऊच शकते, तर मी घाईघाईने तिच्या खोलीत गेले. बघते तर ही बाई फॅन पाचवर करून, अंगात शाळेचं जॅकेट घालून बसलीय. सांगलीत दुपारी बारा वाजता जॅकेट. मी म्हणलं थंडी वाजतेय का, ताप आलाय का, तर मान हलवून नाही म्हणली आणि डोळ्यात पाणी. मग हळूच बाही वर केली. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत एकदम गुळगुळीत, चकचकीत, आणि कोपराच्या हाडापाशी दोन कापल्याच्या रेघा, त्यातली एक चांगली खोल. बाबाचा रेझर घेतला होता. उजवा हात मात्र होता तसाच, कारण ती उजव्या हाताने रेझर धरते ना, डाव्या हाताने उजव्यावर फिरवायला गेली तर जमेना, कापायची भीती वाटली, आणि मग अर्धवट राहिलं. आणि आता एक हात असा आणि एक तसा म्हणून दोन्ही झाकायला जॅकेट.

ती म्हणली, "मम्मी माझे हात मुलांसारखे आहेत."

मी तिच्या हाताला हळद लावली आणि तिला जवळ घेतलं, आणि सगळ्या आया म्हणतात तेच म्हणलं, की पिल्लू तू आहेस तशीच खूप छान आहेस, लोकांकडे लक्ष द्यायचं नाही. आणि तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि एकदम शांतपणे विचारलं, "मग तू का करतेस?"

मला काही बोलता आलं नाही. खरंच नाही आलं. मी सतरा वर्षांची असल्यापासून दर महिन्याला वॅक्सिंग करते. पार्लरवाली ताई घरी येते, हॉलमध्येच बसून करतो आम्ही, आणि ही पोरगी लहानपणापासून शेजारी बसून बघत आलीय. हनी वॅक्स वितळल्याचा तो वास, पट्टीचा फर्रकन आवाज, आणि ताईचं ठरलेलं वाक्य, "अगं बाई यावेळी किती ग्रोथ आलीय." मी लगेच काय म्हणायचे, की हो ना गं, वेळच मिळाला नाही, लाज वाटते बाहेर जायला. हे वाक्य ती पाच-सहा वर्षं ऐकतेय. मी तिला कधीच म्हणलं नाही की तुझे हात वाईट दिसतात. मी माझ्याच हातांबद्दल बोलत होते, पण तिचे हात माझ्यावर गेलेत ना, अगदी सेम आहेत, मग तिने त्यातून दुसरं काय घ्यायचं होतं?

अजून एक गोष्ट आहे जी मला जास्त लागली. शाळेच्या गॅदरिंगसाठी त्यांच्या वर्गाचा कोळी डान्स बसवत होते आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवडे आधी मेसेज आला होता की कॉस्च्युम स्लीव्हलेस आहे, मुलींचे हात-पाय क्लीन असले तर स्टेजवर आणि फोटोत छान दिसतात, पालकांनी बघून घ्यावे. अकरा वर्षांच्या मुलींसाठी. आणि मी त्या मेसेजला अंगठा दिला होता. ऑफिसला जायच्या गडबडीत, न वाचल्यासारखा वाचून अंगठा देऊन मोकळी. रविवारी रात्री तो मेसेज परत वर जाऊन शोधला तेव्हा माझा अंगठा दिसला तिथे, आणखी अठरा जणींच्या अंगठ्यांबरोबर.

वर्गात काय चाललंय ते मग हळूहळू बाहेर आलं, एकदम नाही, भाजी निवडताना थोडं, झोपताना थोडं. चार-पाच मुलींचा एक ग्रुप आहे, त्या रोज रील्स बघतात, गेट रेडी विथ मी वगैरे, त्यांच्याकडे टिंटेड लिप बाम असतो, दप्तराला लाबुबू नावाची बाहुली लटकवलेली असते, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यातल्या दोघी आईबरोबर पार्लरला जाऊन हात करून आल्या. मग सुट्टी संपल्यावर बेंचवर हात शेजारी शेजारी ठेवून तुलना. एका मुलाने हिला गोरिला म्हणलं. मग तेच नाव पडलं. तीन आठवडे ही पोरगी डबा खाताना पण हात बेंचच्या खाली ठेवून खात होती आणि मला पत्ता नाही.

मला तिच्यावर राग आला नाही कारण मला माहितीये ते. आठवीत असताना मी मैत्रिणीच्या घरी ओठांवर ब्लीच लावलं होतं, जास्त वेळ ठेवलं, वरचा ओठ भाजला, आणि आठवडाभर रुमाल धरून शाळेत गेले. आईला सांगितलं गरम चहा सांडला. चहा ओठाच्या वर कसा सांडेल, पण आईने काही विचारलं नाही आणि मला ते अजून आठवतं की तिने विचारलं नाही.

मुलांना सगळ्यांसारखं दिसावंसं वाटतं यात काही चूक नाहीये असं मला मनापासून वाटतं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला वर्गात जागा पाहिजे असते, डबा खायला कुणीतरी पाहिजे असतं, त्या वयात ती खरोखर जगण्याची गोष्ट असते. तिला आपण "ट्रेंडच्या मागे धावू नको" असं लेक्चर दिलं की तिला एवढंच कळतं की आईला आपली अडचण समजली नाही. म्हणून मी लेक्चर दिलं नाही. सुचलंही नसतं, कारण माझेच हात वॅक्स केलेले होते.

सोमवारी मी सुट्टी टाकली आणि तिला स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. खरं सांगते, मला पण आतून भीती होती की काही हार्मोन्सचं तर नाही ना. डॉक्टर मॅडम तिच्याशीच बोलल्या, माझ्याशी नाही, हे मला फार आवडलं. त्यांनी सांगितलं की आपल्या अंगावर केसांची सुमारे ५० लाख मुळं असतात आणि ती सगळी आईच्या पोटात असतानाच तयार होतात, जन्मल्यावर नवीन एकही होत नाही. वयात येताना काय होतं तर त्यातली काही बारीक लव असते ती जाड आणि काळी व्हायला लागते, मुलींची पण होते, आणि आपल्याकडे गव्हाळ कातडीवर काळा केस म्हणून तो उठून दिसतो एवढंच. बायकांच्या अंगावर केस जास्त आहेत का ते मोजायची डॉक्टरांची एक पद्धत आहे, फेरीमन आणि गॅलवे या दोघांनी १९६१ मध्ये केलेली, त्यात आधी अंगावरच्या ११ जागा होत्या. पण कोपराखालचा हात आणि गुडघ्याखालचा पाय या दोन जागा नंतर काढून टाकल्या आणि आता ९ च बघतात, कारण हातापायाच्या केसांवरून हार्मोन्सचं फारसं काही कळतच नाही. म्हणजे जे केस बघून वर्गात गोरिला म्हणतात ते केस डॉक्टर मोजत सुद्धा नाहीत. हनुवटीवर, छातीवर एकदम दाट राठ केस यायला लागले किंवा पाळी सुरू झाल्यावर फारच अनियमित राहिली तर दाखवायचं, ते वेगळं. आणि रेझरने केस जाड होतात हे खोटं आहे हेही सांगितलं, कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून खुंट टोचतात, मुळाला काही होत नाही. लेक पटकन म्हणली म्हणजे माझा डावा हात आता पहिल्यासारखाच होणार? मॅडम म्हणल्या अगदी पहिल्यासारखा. त्यावर ती खूष झाली की नाराज ते मला तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी सासूबाई तिच्या हाताला तूप लावत बसल्या होत्या. त्या सहज म्हणल्या, अगं तू झालीस तेव्हा तुझ्या पाठीवर आणि कपाळावर केवढी लव होती, न्हाऊ घालणाऱ्या बाई रोज डाळीच्या पिठाची गोळी फिरवून काढायच्या, तू नुसती किंचाळायचीस. आणि मला एकदम ते सगळं डोळ्यासमोर आलं. दहा दिवसांचं बाळ, पायांवर पालथं घातलेलं, हळद आणि साय घातलेला पिठाचा गोळा, लाल झालेली पाठ, आणि बाहेर शेगडीवर धुरी तयार. मी बाळंतीण, मला रडू यायचं तिचं रडणं ऐकून, पण सगळ्या म्हणायच्या मुलीची जात आहे, आत्ताच काढलेली बरी. ती लव आपोआपच गळते काही आठवड्यांत, सगळ्याच बाळांची. म्हणजे रील्सना काय दोष द्यायचा, आम्ही तर बाराव्याच्या आधीच सुरुवात केली होती. मी हे सासूबाईंना म्हणाले. मला वाटलं त्या रागावतील. त्या बराच वेळ तिच्या हातावरून बोट फिरवत राहिल्या आणि मग म्हणल्या, "आमच्या आईने केलं म्हणून आम्ही केलं गं, कुणी विचारच केला नाही."

मी नंतर याच्यावर बरंच वाचलं, रात्री रात्री जागून. केस काढायची पद्धत काही आजची नाही, फार जुनी आहे, आपल्याकडे हळद-बेसन होतंच. पण "काढलेच पाहिजेत, नाहीतर लाज" हे सगळ्यांच्या डोक्यात कसं गेलं ते बघितलं तर त्यात विकणारे आहेत. जिलेट कंपनीने १९१५ मध्ये अमेरिकेत खास बायकांसाठी रेझर काढला, मिलेडी डेकॉलते नावाचा, तेव्हा बिनबाह्यांचे कपडे फॅशनमध्ये येत होते आणि मासिकांमधून काखेतले केस म्हणजे कसं लाजिरवाणं हे बायकांना सांगायला सुरुवात झाली. मग दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटला जायला लागलं, स्टॉकिंग्ज मिळेनात, पाय उघडे दिसायला लागले तर आता पायाचे पण काढा. लेकीला हे सांगितलं तेव्हा तिला ते जाम इंटरेस्टिंग वाटलं, म्हणजे आधी कुणीतरी रेझर बनवला आणि मग आपल्याला सांगितलं की तुझे केस घाण आहेत? मी म्हणलं इतकं सरळ नाही पण बरंचसं तसंच.

पण तिला खरं पटलं ते ढेकणांमुळे. इंग्लंडमध्ये शेफिल्ड विद्यापीठात २०११ च्या सुमारास एक प्रयोग झाला होता, त्यात लोकांचा एक हात दाढी केल्यासारखा साफ केला, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्ही हातांवर ढेकूण सोडले. केसाळ हातावर ढेकणाला चावायची जागा शोधायला जास्त वेळ लागला आणि माणसाला तो फिरतोय हे लवकर कळलं. हे वाचून मी तिच्याकडे बघितलं आणि तिने स्वतःच्या हातांकडे. एक साफ, एक तसाच. प्रयोगाची सगळी तयारी झालेलीच होती!

ढेकूण काही नव्हते, मी सुईतला दोरा घेतला. तिने डोळे घट्ट मिटले, दोन्ही हात टेबलावर पसरले. उजव्या हातावर दोरा नुसता केसांच्या टोकांना लागला, कातडीला टेकला पण नव्हता, तोवर "आला!" म्हणून ओरडली. डाव्या हातावर मनगटापासून निघाले, बराच वर गेले तरी काही नाही, दोरा कातडीवर नीट टेकल्यावर मग "आत्ता आला" म्हणली. परत केलं, परत तसंच. मग आजीला बोलावलं, मग बाबाला, मग माझे हात घेतले तिने आणि माझ्या वॅक्स केलेल्या दोन्ही हातांवर मला काही पटकन कळेना. ती डोळे मोठे करून म्हणली, मम्मी तुला काहीच कळत नाहीये! रात्री साडेदहापर्यंत हे चाललं होतं. झोपताना मी तिला म्हणलं मिरवणुकीत ढोल वाजायला लागले की तुझ्या अंगावर काटा येतो ना, तो काटा म्हणजे हेच केस उभे राहतात. आजी पलीकडून म्हणल्या, कीर्तनात अष्टसात्त्विक भाव सांगतात त्यात रोमांच आहे की, रोम म्हणजे अंगावरचा केस. लेक काही बोलली नाही, अंधारात स्वतःच्या उजव्या हातावरून उलटा हात फिरवत होती.

हे वाचून असं वाटेल की झालं, पटलं तिला. नाही. सकाळी परत जॅकेट घातलं. घरात पटणं वेगळं आणि वर्गात जाऊन बसणं वेगळं. म्हणून आम्ही उत्तरांची प्रॅक्टिस केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, मुलांना आपण सांगतो इग्नोर कर पण इग्नोर कसं करायचं हे कुणी शिकवत नाही. नवरा तो मुलगा झाला. तो म्हणायचा गोरिला आली, आणि तिने काय म्हणायचं? पहिले दोन दिवस ती खाली बघायची. मग रडली एकदा. मग एकदा चिडून म्हणली तूच गोरिला, ते आम्ही नको म्हणलं. शेवटी तिचं तिनेच शोधलं, "हो आहेत केस, मग?" एवढंच, आणि वहीत लिहायला लागायचं. ते "मग?" नीट यायला, म्हणजे आवाज न कापता यायला आठ दिवस लागले.

मी क्लासटीचरना भेटले, मुलाचं नाव न घेता सांगितलं, त्यांनी बघते म्हणलं आणि खरंच बघितलं. आणि ग्रुपवर मी माझा अंगठा काढला आणि लिहिलं की मुली सहावीतल्या आहेत, हात-पाय क्लीन करायची सूचना आपण देऊ नये असं मला वाटतं, माझ्या मुलीने त्यापायी रेझरने हात कापून घेतलाय. अर्धा तास ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. एकीने लिहिलं की हायजीन म्हणून सांगितलंय, त्यात एवढं काय. पण त्या रात्री मला सहा जणींचे पर्सनल मेसेज आले. एकीची मुलगी पाचवीपासून मे महिन्यात फुल बाह्या घालते. एकीने लिहिलं मी स्वतःच नेलं गं पार्लरला, ती रडत होती आणि मी धरून बसले होते. त्या मेसेजला मी काय उत्तर देणार, मी एवढंच लिहिलं की मी पण गोळी फिरवताना बघत बसले होते.

त्याच काळात मला २०२४ ची ती उत्तर प्रदेश बोर्डाची मुलगी सारखी आठवत होती. दहावीला अख्ख्या राज्यात पहिली, ६०० पैकी ५९१, आणि फोटो आला तर लोक तिच्या ओठांवरच्या केसांवर तुटून पडले. मोठी माणसं, बापाच्या वयाची. वर एका रेझर विकणाऱ्या कंपनीने तिला पाठिंबा म्हणून तिच्या नावाने जाहिरात दिली. त्या पोरीने वर्षभर काय अभ्यास केला असेल, आणि निकालाच्या दिवशी तिला काय वाचायला मिळालं. मला वाटतं आपल्या मुलांना आपण स्वतःला स्वीकारायला शिकवू तेव्हा शिकवू, पण घरात, टीव्हीसमोर बसून, दुसऱ्याच्या मुलीच्या फोटोवर आपण काय बोलतो ते पण त्यात धरायला पाहिजे. जाडी झाली, काळी पडली, मिशा आल्यात, हे आमच्या घरात सर्रास बोललं जायचं. आता सासूबाई स्वतः अडवतात.

मी तिला वॅक्सिंग कधीच करायचं नाही असं म्हणलेलं नाही हेही सांगते. आमचं ठरलंय की दहावीनंतर तिला स्वतःला वाटलं तर आपण दोघी जाऊ, मी पैसे देईन, काही प्रश्न विचारणार नाही. फक्त ते कुणी गोरिला म्हणलं म्हणून नको. आणि ज्या मैत्रिणी करतात त्यांना नावं ठेवायची नाहीत. हे दुसरं तिला जड गेलं, कारण एकदा का आपलं बरोबर वाटायला लागलं की दुसऱ्याला कमी लेखायला मजा येते, मोठ्यांनाही येते. गॅदरिंगच्या दिवशी मेकअपरूममध्ये तिच्या एका मैत्रिणीच्या हातावर वॅक्समुळे लाल पुरळ उठलं होतं, त्यावर तिथल्या लाइटची उष्णता, ती नुसती खाजवत होती. ही आपली बाटलीतलं गार पाणी रुमालावर घेऊन तिच्या हातावर धरून बसली होती. हिचा डावा हात तोपर्यंत अर्धा उगवला होता. दोन्ही हात वर करून कोळी डान्स केला, टोपली डोक्यावर, आणि मी पहिल्यांदाच फोटो न काढता नुसतं बघितलं.

राहिला तिचा तो प्रश्न, मग तू का करतेस. मी तिला खरं सांगितलं, की मला सवय झालीय आणि मला भीती वाटते लोक काय म्हणतील. ती म्हणली तुला पण? मी म्हणलं हो, मला पण. मग मी डिसेंबरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली, जानेवारीची पण केली. पुढे करेन की नाही माहीत नाही. रोज रात्री ती तिचा हात माझ्या हाताशेजारी ठेवून बघायची, आता सारखे झाले, आता तुझे जास्त.

फेब्रुवारीत मिरजेला चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मी अर्ध्या बाह्यांचं ब्लाऊज घातलं, घालताना दोनदा शाल घेतली आणि दोनदा ठेवली. पंगतीत लेक माझ्या शेजारी बसली होती. समोरून एक नातेवाईक बाई आल्या, माझा हात हातात घेतला, बघितलं, आणि म्हणल्या, "काय गं, पार्लरला जायला वेळ झाला नाही वाटतं?"

लेकीचा घास हातातच राहिला. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. माझे कान गरम झाले होते, हे मी कबूल करते. सतराव्या वर्षापासून तोंडात बसलेलं वाक्य जिभेवर आलंच होतं, हो ना, वेळच मिळाला नाही.

मी म्हणलं, "वेळ होता काकू, गेले नाही. मठ्ठा घेणार का?"

त्या पुढच्या पानाकडे गेल्या. लेकीने घास तोंडात घातला, आणि खाता खाता डावा हात आणून माझ्या हाताशेजारी पंगतीच्या टेबलावर ठेवला.